प्रश्न केवळ निधीचा नव्हे

परळमध्ये चालत काही मिनिटांच्या अंतरावर केईएम, वाडिया आणि टाटा स्मारक ही रुग्णालये उभी आहेत. केईएम व वाडिया प्रसूतिगृह 1926 सालचे, वाडियांचे मुलांचे रुग्णालय 1929 सालचे, टाटा 1941 सालचे. गिरणगावाच्या कुशीत वाढलेल्या या संस्थांकडे येणारा रुग्ण बहुतांशी एकाच थरातला. तथापि त्यांच्या कारभाराची तऱ्हा भिन्न आहे. कारण विचारले की 'पैसा' हे ठरावीक उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे.

वाडिया रुग्णालयांचे उदाहरण घ्या. विश्वस्त संस्थेची मालकी, महापालिका व राज्य शासन यांचे अनुदान, अशी ही तिहेरी रचना. जानेवारी 2020 मध्ये थकीत अनुदानावरून रुग्णालये बंद पडण्याची वेळ आली. लोक रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयाने शासनाला खडसावले आणि काही दिवसांतच 46 कोटी रुपयांची तजवीज झाली. पैसा नव्हता असे नव्हे. तो वेळेवर देण्याचे दायित्व निःसंदिग्धपणे कोणाचेच नव्हते. जेथे तीन धनी असतात तेथे जमाखर्चाच्या वादात झळ बसते ती पाळण्यातल्या मुलाला.

टाटा रुग्णालयाचा मार्ग निराळा. खासगी न्यासाने उभारलेली ही संस्था 1957 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व 1962 साली अणुऊर्जा खात्याकडे गेली. धनी एक, कार्य निश्चित. कर्करोगाच्या प्रकारानुसार शल्यविशारद, औषधोपचारतज्ज्ञ व किरणोपचारतज्ज्ञ यांचे गट बसून उपचार ठरवतात. ऐपत असलेल्याकडून अधिक शुल्क घेऊन गरिबाचा भार हलका करण्याची पद्धतही तेथे आहे. 2012 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याचे सूत्रसंचालन याच संस्थेकडे आहे. या जाळ्यातील रुग्णालयांनी 40 औषधांचे भाव एकत्रितपणे ठरविले, तेव्हा सुमारे 1,320 कोटी रुपयांची बचत झाली. औषधे तीच, विक्रेतेही बाजारातलेच. बदलली ती केवळ खरेदीची संघटना.

यावर कोणी म्हणेल, टाटा एका रोगापुरते आहे, त्यामागे केंद्राची तिजोरी आहे. केईएमला 1,800 हून अधिक खाटांवर अपघातापासून प्रसूतीपर्यंत सर्व काही पाहावे लागते आणि दारी आलेल्या कोणालाही परत पाठवता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे. पण महापालिकेचेही मध्यवर्ती खरेदी खाते आहेच. मग औषधांचा तुटवडा वारंवार का पडतो? दरकराराची मुदत संपते, नव्या निविदेला विलंब होतो, पुरवठादारांची बिले थकतात. आणि ज्या खात्याच्या हातून हा विलंब होतो त्याला वॉर्डातल्या रुग्णाला तोंड द्यावे लागत नाही. तोंड देणाऱ्या अधिष्ठात्यांचे खरेदीचे अधिकार मात्र मर्यादित. निर्णयाची सत्ता एकीकडे आणि परिणामांची जबाबदारी दुसरीकडे, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने अकार्यक्षमतेचे जुनेच कारण होय.

बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी रुग्णाच्या हाती देऊ नये, असे धोरण 2023 साली जाहीर झाले. हेतू स्तुत्य आहे. परंतु चिठ्ठी बंद करणे म्हणजे औषध उपलब्ध करणे नव्हे. त्यासाठी भाव एकत्रितपणे ठरावेत, पण मागणी नोंदविण्याचा व बिल चुकविण्याचा पुरेसा अधिकार रुग्णालयाकडे असावा. अनुदानाच्या तारखा बांधून द्याव्यात. आणि या अधिकाराचे लेखापरीक्षण दरवर्षी जनतेसमोर ठेवावे. अधिकार दिला की गैरव्यवहार होईल ही भीती अनाठायी नाही. पण तिचा उपाय कडक हिशेब हा आहे, अधिकारशून्यता नव्हे.

लालबाग-परळच्या गिरण्या गेल्या, तेथे मनोरे आले. त्या मनोऱ्यांत राहणाऱ्यांना खासगी इस्पितळांचे दार उघडे आहे. चाळीत उरलेल्या कुटुंबाला मात्र ही सार्वजनिक रुग्णालयेच आधार. त्यांच्या कारभाराची घडी बसविणे हे काम नव्या इमारतीच्या कोनशिलेइतके दर्शनी नाही. म्हणूनच ते मागे पडते, आणि म्हणूनच नागरिकांनी त्याचा आग्रह धरला पाहिजे.