हरित हायड्रोजन आणि गणिताविना रसायनशास्त्र

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन उत्पादनक्षमता उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. भांडवल, जमीन आणि सवलती यांची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. परंतु ज्या विद्येवर हा डोलारा उभा राहावयाचा, ती आपल्या महाविद्यालयांत कशी शिकवली जाते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

ती विद्या म्हणजे भौतिक रसायनशास्त्र. २५ अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याचे विघटन करण्यास सिद्धान्ततः १.२३ व्होल्ट विद्युतदाब पुरावा. कारखान्यात मात्र तो बहुधा १.८ ते २ व्होल्ट लागतो. पहिला आकडा ऊष्मागतिकी सांगते. वरचा भार पडतो तो मंद अभिक्रिया आणि विजेच्या मार्गातील रोध यांमुळे. हा भार म्हणजे वाया जाणारी वीज, आणि म्हणूनच महाग हायड्रोजन. तो कमी कसा करावा, हे उमजण्याची पहिली पायरी पदवीच्या प्रारंभीच्या वर्षांत चढावी लागते.

नेमका तेथेच आपला विद्यार्थी अडखळतो. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यालाही बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेता येते. आणि मग समोर उभे राहतात ते अवकलन, संकलन आणि लॉगरिदम. अऱ्हेनियसने १८८९ मध्ये मांडलेले समीकरणच पाहा. तापमानाबरोबर अभिक्रियेचा वेग कसा वाढतो, हे ते सांगते. विद्यार्थी आलेखावर सरळ रेषा काढतो, तिचा उतार मोजतो, सूत्रात आकडे घालतो आणि गुणही मिळवतो. उन्हाळ्यात दूध लवकर का नासते, याचे मर्म त्याच रेषेत आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

यात दोष विद्यार्थ्याचा नव्हे. विषयनिवडीचे स्वातंत्र्य जुन्या पद्धतीतही काही प्रमाणात होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ते अधिक रुंद केले, हे स्वागतार्हच आहे. गणिताची अट घालून दार बंद करणे हा उपाय नव्हे. त्याचा पहिला फटका गावाकडील मुलामुलींना बसेल, आणि जीवरसायन व औषधनिर्मिती या क्षेत्रांनाही अशाच विद्यार्थ्यांची गरज आहे. परंतु ज्याने वाट मोकळी केली, त्याने शिदोरीही बांधून द्यावयास हवी.

ही शिदोरी फार महाग नाही. पहिल्या सत्रात विषयापुरते गणित रसायनशास्त्राच्याच उदाहरणांतून शिकवावे आणि त्याला श्रेयांक द्यावेत. परीक्षेत सूत्राइतकेच त्याच्या अर्थालाही गुण असावेत. मात्र त्यासाठी वर्गात पूर्णवेळ प्राध्यापक हवा. तासिका तत्त्वावर एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणाऱ्या अध्यापकाकडून ही अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदांचा प्रश्न म्हणूनच केवळ आस्थापनेचा उरत नाही.

पुण्यात १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा तिचे पहिले संचालकपद जेम्स मॅकबेन या भौतिक रसायनशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आले होते. नव्या राष्ट्राला या विषयाचे मोल तेव्हा कळले होते. आज कोट्यवधी रुपयांच्या योजना आखणाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या वर्गाकडे पाठ फिरवली, तर यंत्रे विकत आणता येतील. ती सुधारणारी माणसे मात्र विकत मिळणार नाहीत.