समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल प्रदूषणापासून वाचवतात का?

हिवाळ्यात मुंबई-पुण्याची हवा बिघडली की दवाखान्यात खोकला आणि दम लागण्याच्या तक्रारी वाढतात. हल्ली त्यांच्यासोबत मोबाइलवरून आलेला एक प्रश्नही असतो: "डॉक्टर, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल सुरू करू का?"

या दाव्यामागे खरं संशोधन आहे. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या विद्यापीठात तपकिरी शेवाळातल्या फ्लोरोटॅनिन, फ्युकॉइडन अशा द्रव्यांचा बरीच वर्षं अभ्यास होतो आहे. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. ते श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण सगळेच कण त्यांना पचत नाहीत. मग त्या मदतीसाठी रासायनिक संदेश सोडत राहतात आणि त्यातून दाह वाढतो. शेवाळातली द्रव्यं दिल्यावर हे संदेश कमी झाल्याचं पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

पण प्रयोगशाळेत पेशींवर औषध थेट ओतता येतं. तुम्ही गिळलेली कॅप्सूल आधी आतड्यात जाते, आणि ही द्रव्यं तिथून रक्तात फार कमी शोषली जातात. प्रदूषणात राहणाऱ्या दमेकऱ्यांचे झटके या कॅप्सूलने कमी होतात, असं माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. म्हणून मी त्या लिहून देत नाही.

मला जास्त काळजी आयोडीनची वाटते. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि आपल्या मिठातून ते मिळतंच. कोंबूसारख्या तपकिरी शेवाळाच्या एका सुक्या ग्रॅममध्ये याच्या दहापटही आयोडीन असू शकतं. थायरॉइडचा त्रास असेल, गर्भारपण असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर स्वतःहून घेऊच नका. (घरी जेलीसाठी वापरतो ते चायना ग्रासही शेवाळातूनच येतं, पण लाल जातीच्या. ते खुशाल खा, मात्र फुफ्फुसांसाठी म्हणून नको.)

इन्हेलर चालू असेल तर तो कोणत्याही कॅप्सूलसाठी बंद करू नका. हवा खराब असेल त्या दिवशी भर रहदारीच्या रस्त्यावर फिरायला जाणं टाळा. जावंच लागलं तर नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. रुमालातून हे कण सहज आत जातात. कॅप्सूल आधीच घेत असाल तर पुढच्या वेळी डबी सोबत आणा. त्यावर आयोडीनचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर ती थांबवू आणि गरज वाटल्यास टीएसएच तपासून घेऊ.