पुढारी, शेतकरी व हातांतील फोन

पुढाऱ्याचें वजन पूर्वीं सभेंत व चावडीवर ठरत असे. पुढें त्यास छापील कागदाची जोड मिळाली. मुकुंदराव पाटील यांनीं १९१० सालीं ‘दीनमित्र’ पत्र सुरू केलें व नेवासे तालुक्यांतील तरवडीसारख्या खेड्यांतून तें वर्षानुवर्षें चालवून बहुजन समाजांत आपलें स्थान निर्माण केलें. सांप्रत तें काम व्हॉट्सॲप व फेसबुक यांजकडे आलें आहे. या साधनानें वजन लवकर मिळतें, यांत शंका नाहीं. तें टिकतें कशानें, हा खरा प्रश्न आहे.

पुणतांबे येथील ग्रामसभेच्या ठरावांतून निघालेला शेतकऱ्यांचा संप १ जून २०१७ रोजीं सुरू झाला. ती हाक गांवोगांव नेण्यांत फोनवरील निरोपांचा वाटा मोठा होता. परंतु ३ जूनच्या पहाटे कांहीं पुढाऱ्यांनीं मुख्यमंत्र्यांशीं बोलणें करून संप मागें घेतल्याचें जाहीर केलें, तेव्हां इतरांनीं तें मानलें नाहीं व संप चालूच राहिला. फोन माणसें जमवितो. त्यांस न विचारतां तडजोड करण्याचा अधिकार तो देत नाहीं.

त्याच महिन्याच्या २४ तारखेस सरकारनें दीड लाख रुपयांपर्यंत कर्जमाफी जाहीर केली. नियमित फेड करणारांस २५ टक्के, कमाल २५,००० रुपये, अशी तरतूद होती. अर्ज मात्र ऑनलाइन भरावयाचे होते. अशा वेळीं मुदत, अटी व लागणारे कागद सोप्या शब्दांत कळविणें हीच खरी पुढारकी. हारतुऱ्यांच्या छायाचित्रांनीं कोणाचा अर्ज भरला जात नाहीं.

खोट्या निरोपाचें फळ १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें दिसलें. मुलें पळविणारे समजून जमावानें पांच भटक्या भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास बंदी केली.

महसूल खात्यांत फेरफाराची नोटीस चावडीवर लावून हरकतीस पंधरा दिवस देतात. मगच नोंद प्रमाणित होते. पुढाऱ्यानें हाच नियम आपल्या गटास लावावा. भाव कळवावा तो बाजारसमिती व तारीख यांसह. तडजोड करावी ती मतें घेऊन. चूक झाल्यास दुरुस्ती त्याच गटांत द्यावी. जेथें पुढाऱ्यानेंच लिहावयाचें व इतरांनीं केवळ वाचावयाचें, तेथें सभासद राहतील, विश्वास राहणार नाहीं.

वाचकांनींही जमीन घेतांना जसा सातबारा पाहावयाचा, तसाच निरोप पुढें धाडण्यापूर्वीं त्याचा उगम पाहावा.

— एक निवृत्त महसूल कारकून, शांती नगर, मीरा-भाईंदर