बॅग घेऊन कोण रस्ता बघायला जातं?

मंडळी, गेल्या रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर माझं आणि एका जुन्या मित्राचं कडाक्याचं भांडण झालं. विषय राजकारण नाही, क्रिकेट नाही, आणि चक्क रिडेव्हलपमेंटसुद्धा नाही (आमच्याकडे हल्ली कुठलंही भांडण शेवटी कार्पेट एरियावर येऊन थांबतं). विषय होता एक सिनेमा. 'डाउनहिल'. २०२० साली आलेला, विल फेरेल आणि ज्युलिया लुई-ड्रायफसचा. आदल्या रात्री दोघांनी आपापल्या घरी बघितला होता आणि दोघांनाही तो फालतू वाटला होता. आता दोघांचंही एकच मत असताना भांडायचं कशावर? तर कारणावर!

मित्राचं म्हणणं, "रिमेक आहे ना, मग फालतूच असणार. रिमेक म्हणजे उष्टं. ओरिजिनल स्वीडिश बघ, सबटायटल्स लावून."

मी म्हटलं ओरिजिनल बघच, पण रिमेक म्हणून फालतू, हे साफ चूक आहे. एवढ्यात शेजारी बसलेल्या एका काकांनी कान टवकारले. पार्काला पाच फेऱ्या मारून ते रोज याच जागी येऊन बसतात आणि कोणाच्याही वादात हक्काने पडतात. म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. उष्टंच सगळं. आमच्याकडे बघा, संशयकल्लोळ! अस्सल आपल्या मातीतलं नाटक. आहे का आज कोणाची टाप तसं लिहायची?"

च्यायला, म्हणजे काकांनी माझा मुद्दा माझ्या हातात आणून दिला आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही.

"काका, संशयकल्लोळ फ्रेंच आहे."

यावर काकांचा जो चेहरा झाला तो मी इथे वर्णन करू शकत नाही. पण गोष्ट खरी आहे. मोलियेरने १६६० साली 'स्गानारेल' नावाचा एक छोटासा फार्स लिहिला. एक मुलगी चक्कर येऊन पडते, तिच्या हातातली प्रियकराची तसबीर खाली पडते, मदतीला धावलेल्या गृहस्थाला त्याची बायको बघते, तसबीर उचलणाऱ्या बायकोला तो गृहस्थ बघतो, आणि मग संशयाचा जो गोंधळ सुरू होतो तो शेवटपर्यंत थांबत नाही. शंभर वर्षांनी, १७६१ साली, आर्थर मर्फीने ते इंग्रजीत आणलं, 'ऑल इन द राँग' या नावाने. नवरा-बायकोचं आडनाव ठेवलं रेस्टलेस! म्हणजे युरोपियन रिलेशनशिप कॉमेडीचा इंग्लिश रिमेक ही काही हॉलिवूडने काढलेली टूम नाही. आणि हा इंग्लिश रिमेक गोविंद बल्लाळ देवलांनी मराठीत आणला. आधी १८९३ मध्ये गद्यात, 'फाल्गुनराव' म्हणून (त्याचं दुसरं नाव होतं 'तसबिरीचा घोटाळा'), आणि मग १९१६ मध्ये पदं घालून 'संगीत संशयकल्लोळ'. रिमेकचा रिमेक. देवलांच्या सात नाटकांपैकी स्वतःच्या डोक्यातून आलेलं एकच, 'शारदा'. बाकी सहा कुठून ना कुठून घेतलेली. 'झुंझारराव' म्हणजे तर सरळ ऑथेल्लो. आणि तरी देवल म्हणजे देवलच!

आता हे सांगितल्यावर मित्र म्हणतो, "म्हणजे देवलांनी कॉपी मारली." झालं! कॉलेजात जर्नल्स छापून काढण्यात हयात घालवलेल्या माणसाला जगात दुसरी क्रियाच दिसत नाही.

मी लोकलायझेशनमध्ये काम करतो. परदेशी लोकांनी बनवलेलं ॲप इथे चालेल असं करून देणं, हे माझं पोट. हे काम म्हणजे भाषांतर, असं समजणारे मॅनेजर मी भरपूर पाहिलेत. बटणावरचं 'सबमिट' काढून 'सादर करा' टाकलं की झालं, रिलीज! मग पत्त्याचा फॉर्म येतो. त्यात स्ट्रीट नंबर सक्तीचा असतो. आता आमच्या पत्त्यात स्ट्रीट नंबर कुठून आणू? आमचा पत्ता म्हणजे "उद्यान गणेशच्या मागची गल्ली, गुलमोहराच्या झाडासमोरची बिल्डिंग, खाली इस्त्रीवाला". कोणीतरी बसून विचार केला की इथली माणसं घर कसं शोधतात, तेव्हा 'लँडमार्क' नावाचा रकाना आला. तो रकाना म्हणजे खरं काम. बाकी सगळी डिक्शनरी.

देवलांनी हा रकाना टाकला. पुरुषांची नावं महिन्यांवरून, बायकांची नक्षत्रांवरून: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी. हा झाला वरचा रंग. खरी करामत रेवतीत आहे. मोलियेरची नायिका चांगल्या खात्यापित्या घरातली पोर, बापाला दुसरा जावई हवा आहे एवढीच तिची अडचण. देवलांची रेवती नायकिणीच्या घरातली. अश्विनशेठला तिच्याशी लग्न करायचंय. आता तिच्यावर संशय घ्यायला गावाला तसबीरसुद्धा लागत नाही, तिचा जन्मच पुरे आहे! म्हणजे तोच घोटाळा, तीच पडलेली तसबीर, पण इथे आल्यावर तिला एक नवी धार आली. त्या काळातल्या प्रेक्षकाला हसता हसता कुठेतरी टोचलं असणारच. रिमेक म्हणतात तो याला. काकांना शंभर वर्षांनंतरही ते आपल्या मातीतलं वाटतं, याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय हवं?

आता 'डाउनहिल'कडे या. मूळ सिनेमा रुबेन ऑस्टलुंडचा 'फोर्स मॅज्योर', २०१४. एक स्वीडिश कुटुंब फ्रेंच आल्प्समध्ये स्कीइंगला गेलंय. नवरा, बायको, दोन पोरं. गच्चीवरच्या रेस्टॉरंटमध्ये जेवताना समोरच्या डोंगरावरून बर्फाचा कडा सुटतो. मुद्दाम सोडलेला असतो तो, पण येतो फारच जवळ. नवरा आधी मोबाइलवर शूटिंग करत असतो. मग सगळं पांढरं होतं, आणि हा गृहस्थ मोबाइल आणि हातमोजे उचलून पळतो. बायको दोन्ही पोरांना कवटाळून तिथेच. धुकं विरतं, कोणालाही काही झालेलं नसतं, आणि हा परत येऊन आपल्या खुर्चीवर बसतो. बस्स. एवढंच घडतं. उरलेला सगळा सिनेमा त्या परत येऊन बसण्याबद्दल आहे. बायको दुसऱ्या एका जोडप्यासमोर जेवताना हा किस्सा सांगते, आणि हा म्हणतो, मला असं आठवत नाही.

बघताना मी हसलो, आणि मग पोटात गोळा आला.

हे स्वीडनमध्ये का बोचतं? कारण १९७४ पासून तिथे बापालाही बाळंतपणानंतरची रजा मिळते. जगात पहिल्यांदा. आई-बाप सारखे, दोघांनी मिळून पोरं वाढवायची, यावर त्या लोकांनी आपली अख्खी प्रतिष्ठा लावलेली आहे. अशा देशातला शिकलासवरलेला, पोरांचे दात घासून देणारा बाप एका सेकंदात हातमोजे उचलून पळतो. म्हणजे चाळीस वर्षांचा अभिमान पळाला की! टोमणा एका टोमासला नाही, सगळ्या देशाला आहे.

मग अमेरिकन रिमेक करणाऱ्यांनी आधी काय विचारायला हवं होतं? आमच्याकडचा पुरुष कशाचा अभिमान मिरवतो, आणि तो कधी गळून पडतो? ते सोडून यांनी काय केलं? कुटुंब अमेरिकन केलं आणि पुन्हा आल्प्समध्येच पाठवलं, फक्त फ्रान्सऐवजी ऑस्ट्रिया. अरे, तुमच्याकडे कोलोरॅडोत बर्फ नाही का? शिवाय नवऱ्याचा बाप नुकताच वारलेला दाखवला, म्हणजे बिचारा दुःखात आहे, समजून घ्या. एक चावट हॉटेलवाली बाई घातली, युरोपियन लोक कसे मोकळेढाकळे यावर विनोद घातले. जिथे मूळ सिनेमात चमच्यांचा आवाज ऐकू येतो तिथे इथे संवाद. जवळजवळ दोन तासांचा सिनेमा दीड तासाच्या आत बसवला आणि त्यात नेमकी अवघडलेली शांतता कापली गेली. माणसं काही बिनडोक नाहीत हो. दोघा दिग्दर्शकांना 'द डिसेंडंट्स'च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालेलं आहे, आणि सहलेखक जेसी आर्मस्ट्राँग, 'सक्सेशन'वाला. म्हणजे गुणवत्ता होती, भीती होती ती प्रेक्षकाची. घरच्या माणसाला लागेल असं काही बोलायचं नाही, ही अट आधीच मान्य करून काम सुरू केलं की असंच होतं.

आपण तरी वेगळं काय करतो? हल्लीचे कितीतरी 'अर्बन' मराठी सिनेमे बघा. पात्रं ठाण्या-डोंबिवलीची, आणि नात्यातला गुंता सोडवायला लंडनला. नदीकाठी लांब कोट घालून भांडायचं. इथे भांडायला जागा कमी आहे, हे मान्य (दहा बाय दहाच्या खोलीत पोरं झोपल्यावर दबक्या आवाजात भांडावं लागतं), पण सिनेमा तिथेच आहे ना राव!

मित्र म्हणाला, "बरं, मग तू कर रिमेक. दादरमध्ये आणतोस बर्फ?"

बर्फ कशाला हवा? दादरमध्ये पाणी भरतं.

२६ जुलै २००५, मंगळवार. मी आठ वर्षांचा, बहीण तीनची. चुनाभट्टीला मावशी आजारी होती, तिला बघून आम्ही चौघं काळ्यापिवळ्या टॅक्सीतून घरी येत होतो. किंग्ज सर्कलला गांधी मार्केटपाशी टॅक्सी बंद पडली. पाणी आधी पायाशी, मग सीटपर्यंत. बाबा म्हणाले, "थांबा, मी पुढे रस्ता बघून येतो," दार कसंबसं ढकलून उतरले, आणि ऑफिसची बॅग डोक्यावर घेऊन निघून गेले. दीड तास. तोवर टॅक्सीवाल्या चाचांनी बहिणीला खांद्यावर घेतलं, आईने माझं मनगट धरलं (तिच्या बांगडीचा वळ दोन दिवस होता), आणि जवळच्या एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरच्या तमिळ आजींनी आम्हाला घरात घेऊन सांबार-भात वाढला. बाबांनी आम्हाला शोधून काढलं तेव्हा आमचं जेवण झालं होतं. ते आले, बॅग खाली ठेवली, आणि ताटावर बसले.

त्यानंतर वीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला आई हा किस्सा सांगते. हसत हसत. सगळे हसतात. बाबा म्हणतात, "अगं, रस्ता बघायला गेलो होतो." आणि आई म्हणते, "बॅग घेऊन कोण रस्ता बघायला जातं?"

बॅगेत काय होतं, यावरही दोन पाठ आहेत. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे घराच्या कर्जाचे कागद. आईच्या म्हणण्याप्रमाणे रिकामा डबा आणि पेपर. बाबांचे एक सहकारी बाबांच्या बाजूने साक्ष द्यायला येतात की त्या दिवशी एवढं काही नव्हतंच. ते फोर्टातल्या ऑफिसात होते. गंमत म्हणजे तेही खोटं बोलत नाहीत. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच दिवस!

आता हा सिनेमा मराठीत करायचा तर बापाच्या हातात हातमोजे देऊन चालणार नाही, बॅगच हवी. आपल्याकडच्या बापाने पोरांना उचलावं अशी अपेक्षा त्या पिढीत कोणी केलीच नव्हती. त्याने बॅग सांभाळायची, बॅगेतून घर चालवायचं. त्यामुळे बाबांना खरोखरच वाटत असेल की मी घरच उचललं होतं. आणि आईला वाटतं, घर टॅक्सीत होतं. दोघांपैकी खोटं कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. देवल असते तर त्यांनी यावर चार पदं घातली असती.

मित्राला हे पटलं. निदान तो "बरं, पीयूष तू पाज" म्हणून उठला, म्हणजे पटलंच असणार. काका मात्र संशयकल्लोळच्या धक्क्यातून सावरले नव्हते. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "ते फ्रेंचचं तू म्हणालास ना, मी नातीला शोधायला सांगितलं." पुढे काही बोलले नाहीत.

असो. एक गोष्ट मी कट्ट्यावर सांगितली नाही, ती इथे सांगतो. दोन महिन्यांपूर्वी रात्री दीडच्या सुमारास आमच्या जिन्याखालच्या मीटर बॉक्समधून धूर यायला लागला. खालून कोणीतरी ओरडलं. मी तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली आलो, चपला न घालता. दोन मिनिटांनी जिन्यातून आई आणि बाबा आले, मध्ये आजी, दोघांनी दोन बाजूंनी धरलेली. बाबांच्या हातात आजीची काठी होती.

माझ्या खांद्याला लॅपटॉपची बॅग होती. ऑफिसचा लॅपटॉप, सोमवारी रिलीज.

बाबांनी बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आजीला कट्ट्यावर बसवायला वळले. आईनेही अजून कोणाला सांगितलेलं नाही. डिसेंबरात माझंच लग्न आहे, बहुतेक त्याची वाट बघत असेल.