त्वचेची निगा आणि महिन्याचा हिशेब

दिवाळीच्या यादीत उटण्यामागोमाग एखाद्या क्रीमचे नाव येतेच. आमच्या यवतमाळकडच्या भगिनींना तर त्वचेची काळजी उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही: एकदा रखरखीत ऊन, एकदा कोरडी हवा. परंतु जितकी किंमत जास्त तितका गुण जास्त, असे मात्र नाही.

कोरड्या त्वचेला हवा असतो तो ओलावा टिकवणारा लेप. साधे पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीन असलेले साधे क्रीम हे काम स्वस्तात करते. स्नानानंतर अंग किंचित ओलसर असतानाच लावावे, थोडे पुरते. वाचलेले पैसे सनस्क्रीनसाठी ठेवावेत. त्यावर एस. पी. एफ. ३० तरी असावे. जोडीला छत्री आहेच.

जपायचे ते आठवड्यात गोरे करणाऱ्या बिननावाच्या डबीपासून. आपल्याच वऱ्हाडात, अकोल्यात, एका घरातील तिघी मायलेकींना असे क्रीम वापरून मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी छडा लावला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ च्या आरंभी ही हकीकत वर्तमानपत्रांत आली. पारा त्वचेचा रंग फिका करतो खरा, पण त्वचेतूनच रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे बिघडवतो.

म्हणून उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये आणि मुदत वाचल्यावाचून डबी घेऊ नये. घेतलेली प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस दोन-तीन दिवस लावून पाहावी. खाज वा लाली नसेल, तरच ती चेहऱ्याला लावावी.