बेडकांची नावे

पावसाळ्याच्या तोंडावर कात्रजच्या डोंगरात साप-बेडूक शोधत हिंडणारी तरुण मंडळी दिसतात. हा छंद आम्हांस आक्षेपार्ह वाटत नाही. साप दिसताच काठी शोधणाऱ्या समाजातील काहीजण आता विजेरी आणि कॅमेरा शोधतात, हा बदल लहान नव्हे. त्याचे काही श्रेय कात्रजलाच आहे. नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली येथे सर्पोद्यान उभे केले, आणि अनेक पुणेकरांनी साप न घाबरता प्रथम पाहिला तो तेथे.

आमचा मुद्दा भाषेचा आहे. सापांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे: घोणस, फुरसे, मण्यार, धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ, कवड्या, तस्कर, खापरखवल्या. फुरसे अंगावरचे करवती खवले एकमेकांवर घासून जो आवाज करते, तो त्याच्या नावातच ऐकू येतो, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. या नेमकेपणाला कारणही आहे. कवड्या बिनविषारी, मण्यार जीवघेणी. आडवे पट्टे दोघांनाही. मण्यारीचे शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे पुसट. दगड उलथणाऱ्याला हा भेद ठाऊक हवाच. (आणि उलथलेला दगड होता तसा परत ठेवण्याची बुद्धीही हवी, त्याखाली कुणाचे तरी घर असते.)

बेडकांकडे वळलो की मात्र दारिद्र्य. बेडूक, भेक, संपले. झुडुपावरचा असो वा वर्षभर मातीत पुरून घेणारा, सगळे बेडूकच. त्यांचाच बिनपायांचा भाऊबंद, तर त्याला आपण देवगांडूळ म्हणून गांडुळांत लोटून दिले. ज्याचे भय नाही त्याला नाव देण्याचे कष्ट भाषेने घेतले नाहीत.

२०१३ साली महाराष्ट्राच्या पश्चिम घाटातून एका झुडुपी बेडकाची नवी जाती नोंदली गेली. शास्त्रज्ञांनी तिला पुण्यातील प्राणिशास्त्राचे अध्यापक हेमंत घाटे यांचे नाव दिले. अशा झुडुपी बेडकांची पिल्ले डबक्यात पोहत वाढत नाहीत. अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. शाळेत शिकलेली बेडकाची गोष्ट इतकी उलटवणारा हा जीव, आणि त्याची ओळख लॅटिनमध्ये!

टेकडी फोडताना धामण मेली तर निदान हळहळ होते. डबके बुजले, तर काय गेले हे सांगायला शब्दच नसतो. घाटाखाली खेड-शिवापूरच्या बाजूला म्हाताऱ्या गुराख्यांकडे एखादे नाव अजून शिल्लक असेलही. ते विचारायला वही घेऊन निघालेला मराठीचा विद्यार्थी आम्हांस अद्याप भेटलेला नाही.