मराठी पत्ता वाटेत कुणी बदलू नये

वसईतल्या भुईगावच्या एखाद्या बागायतदाराने उद्या देवनागरीत ई-मेल पत्ता घेतला आणि आखातातल्या मुलाला पत्र पाठवले, तर ते पोचेलच याची खात्री नाही. वाटेतल्या एका जरी सर्व्हरला रोमनेतर पत्ते चालवणारा ‘एसएमटीपीयूटीएफ८’ हा विस्तार येत नसला, तर पत्र परत फिरते. २०१२च्या आरएफसी ६५३१ या इंटरनेट-मानकाचा नियमच तसा आहे.

या नियमावर मराठीची कळकळ असलेले लोक रागावतात. पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना सैल राहा, असे इंटरनेटच्या आद्य रचनाकारांपैकी जॉन पोस्टेल यांनी १९८०मध्येच सांगितले होते. मग समोरच्या सर्व्हरला देवनागरी कळत नसेल तर पत्ता रोमनमध्ये करून पत्र पुढे सोडायला काय हरकत आहे, असा त्यांचा सवाल. मजकुराच्या बाबतीत ही सवलत १९९३पासून आहेच, असा दाखलाही ते देतात.

दाखला खरा आहे, पण तो इथे लागू पडत नाही. मजकुराचे रूपांतर ठरलेल्या सूत्राने होते आणि वाचणाऱ्याला ते जसेच्या तसे उलटवता येते. ‘@’च्या पुढच्या डोमेनचेही तसेच. २०१४मध्ये सुरू झालेले ‘.भारत’ आतून ठरावीक रोमन अक्षरांतच जाते. ‘@’च्या आधीच्या नावाला मात्र असे सूत्र नाही. त्याचा अर्थ लावायचा अधिकार ज्या सर्व्हरवर ती टपालपेटी आहे, त्याचाच. वसईत घरोघरी आढळणारे ‘परेरा’ हे आडनावच घ्या. रोमनमध्ये ते एकाहून अधिक तऱ्हांनी लिहितात. मधल्या सर्व्हरने त्यातली एक तऱ्हा अंदाजाने निवडली, की पत्र दुसऱ्याच परेरांच्या हाती पडू शकते. परत आलेल्या पत्राची खबर पाठवणाऱ्याला निदान मिळते. भलतीकडे गेलेल्याची कुणालाच मिळत नाही.

शिवाय हा सैलपणा करून झालेला आहे. या नियमाच्या २००८च्या प्रायोगिक आवृत्तीत पत्रासोबत पर्यायी रोमन पत्ता जोडायची आणि वाटेत तो वापरायची सोय होती. गुंता इतका वाढला की २०१२मध्ये ती काढून टाकावी लागली.

म्हणून जगातल्या प्रत्येक सर्व्हरवर हा विस्तार सक्तीचा करा, असे म्हणणारेही आहेत. तेही मला पटत नाही. जुन्या सर्व्हरांमधून साध्या रोमन पत्त्यांची पत्रे आजही नीट जातात. त्यांची वाट का बंद करायची? कडकपणा हवा तो बदल उलटवता येत नाही तेवढ्याच जागी. पत्र मुक्कामी पोचल्यावर जुन्या वाचक-प्रणालीसाठी त्याचे रूप बदलायला २०१३च्या नियमांनी मुभा दिली, ती योग्यच आहे. एकाच पेटीला मराठी आणि रोमन असे दोन पत्ते ठेवणेही रास्त आहे, फक्त दुसरा पत्ता पेटीच्या मालकाने निवडलेला असावा.

आणि विस्तार अवघड आहे ही सबब आता चालणार नाही. जीमेल २०१४पासून असे पत्ते स्वीकारते. पोस्टफिक्स या मुक्त सर्व्हर-प्रणालीत तो २०१५मध्ये आला. मराठीला राजभाषा ठरवणारा अधिनियम महाराष्ट्राने १९६४मध्येच केला. त्या राज्यातल्या महापालिकांनी आणि बँकांनी मेल-सर्व्हरच्या निविदेत या विस्ताराची अट घालावी, आणि आपल्या संकेतस्थळावरच्या अर्जात मराठी पत्ता ‘अवैध’ ठरवणारी तपासणी आधी काढून टाकावी. भुईगावच्या माणसाचा पत्ता बहुतेकदा तिथेच अडतो, सर्व्हरपर्यंत जातही नाही.